बेंजोच्या टेम्पोत गिटार

पहाटे सव्वापाच

भाताला हवा तेवढा पाऊस गिटारला चालत नाही. पौडच्या अलीकडे माझं घर, मागच्या दाराला लागून इंद्रायणी भाताची खाचरं. गौरी-गणपतीच्या दिवसांत खाचरं तुडुंब असतात, बेडकांची रात्रभर बैठक चालते आणि खोलीतल्या आर्द्रतामापकाचा काटा ८८वर जाऊन बसतो. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के मानवतात. म्हणून उठल्यावर आधी चहा नाही. कपाटात लावलेला चाळीसचा पिवळा बल्ब रात्रभर टिकला का ते बघायचं, गिटार बाहेर काढायची आणि तारा दाबून पाहायच्या. पोटावरची फळी फुगली की तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात. आज पोस्टकार्डाच्या जाडीएवढ्या उचलल्यात. बोटं कुरकुरतील, पण निभेल.

मग अर्धा तास फक्त उजवा हात. सतारीत जसे ‘दा’ आणि ‘रा’, तसे अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताच्या या गिटारवादनात खाली आणि वर. ठोक्यावर नखी खाली, दोन ठोक्यांच्या मध्ये वर. मध्ये सूर नसला तरी हात फिरतच राहायचा, रिकामा. नियम एवढाच, पण तो मोडायला मनगट सतत टपलेलं असतं. आज ‘ब्लॅकबेरी ब्लॉसम’. आठ मात्रांची नव्हे, आठ मापांची ओळ. ती दोनदा, मग दुसरी आठ मापांची, तीही दोनदा. मुखडा-मुखडा, अंतरा-अंतरा. पहिल्या ओळीत साथीचे सूर दर दोन ठोक्यांना बदलतात, जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखे, आणि अंतऱ्यात एकदम कोमल, उदास अंधार. मेट्रोनोम ६०वर लावतो. अमेरिकेत पारावर जमून वाजवणारे लोक हीच चीज याच्या दुपटीहून जास्त वेगाने सहज फेकतात. मी वीस वर्षं ६०वरून सुरुवात करतोय.

शेजारच्या आजी एकदा म्हणाल्या होत्या, “काय रं, पहाटंपहाटं शिलाई मशीन चालवल्यागत करतूस!” त्यांना कळलं होतं. ब्लूग्रास गिटार म्हणजे शिलाईच आहे, टाका चुकला की उसवलं.

साडेसहा

लॅपटॉप उघडतो. इकडे साडेसहा, तिकडे नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहरात रात्रीचे नऊ. शिष्य तेरा वर्षांचा, आईवडील मूळचे चिंचवडचे. मराठी समजतं, बोलताना वाक्याच्या मध्ये इंग्रजीच्या पुलावरून पलीकडे जातो. मला काका म्हणतो, त्याची आई सर म्हणते.

या शिकवणीची गंमत मला अजून पुरती पचलेली नाही. तो मुलगा ज्या राज्यात राहतो त्याच राज्याच्या डोंगरात, डीप गॅप नावाच्या वस्तीत, १९२३ साली डॉक वॉटसन जन्मला. तान्हेपणीच दृष्टी गेलेला हा माणूस गिटारवर जे करून गेला ते शिकायला या पोराने मुळशी तालुका गाठलाय! त्याचे वडील त्याला दर वर्षी एप्रिलअखेर मर्लफेस्टला नेतात. डॉकचा मुलगा मर्ल १९८५मध्ये ट्रॅक्टर उलटून गेला. त्याच्या नावाने १९८८पासून ही जत्रा भरते. मी अजून तिथे गेलेलो नाही. पोरगा मला तिथले व्हिडिओ पाठवतो आणि मी त्याला नखी कशी धरायची ते सांगतो.

आज त्याला डॉकची गोष्ट सांगितली, कारण तो वैतागला होता. “काका, ही ट्यून गिटारची नाहीच आहे, फिडलची आहे. म्हणून हार्ड आहे.” बरोबर आहे. या जुन्या चिजा व्हायोलिनवाल्यांच्या, कित्येक स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या, नाचाच्या. १९५३च्या सुमारास डॉक एका नाचाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. बँडमध्ये फिडलवाला नव्हता आणि नाचायला आलेल्यांना तर फिडलच्याच चिजा हव्या होत्या. मग त्या डॉकने गिटारवर बसवल्या. पोट भरायचं होतं म्हणून बसवल्या, कलेत क्रांती वगैरे करायला नव्हे. पुढे साध्या, बिनविजेच्या गिटारवर त्याने ‘ब्लॅक माउंटन रॅग’ वाजवलं, १९६४च्या त्याच्या रेकॉर्डवर ते आलं, आणि तोपर्यंत मागे बसून ताल धरणारी गिटार पुढच्या पाटावर आली.

“मग आधी गिटार काय करायची?” पोराने विचारलं.

आधी ती ऐकूच यायची नाही. एका बाजूला बँजो, दुसऱ्या बाजूला फिडल. मधे गिटारने कितीही घसा फोडला तरी लग्नात मुलीच्या बापाचं जेवढं ऐकलं जातं तेवढंच तिचं. मार्टिन कंपनीने १९३१पासून स्वतःच्या नावाने रुंद खांद्यांची, मोठ्या पोटाची गिटार विकायला काढली आणि तिला युद्धनौकेवरून ‘ड्रेडनॉट’ नाव दिलं, ते उगाच नाही. बिल मन्रोच्या ज्या ‘ब्लू ग्रास बॉइज’वरून या संगीताला नाव पडलं, त्यांच्यातही १९४५नंतरच्या गाजलेल्या संचात मन्रोचं मँडोलिन आणि अर्ल स्क्रग्सचा बँजो चमकायचे, गिटारवाला लेस्टर फ्लॅट गायचा आणि ताल धरायचा. गिटारवरून त्याच्या वाट्याला यायची ती ओळीच्या शेवटची पाच-सहा सुरांची एक छोटी तान. तीच आज जगभर त्याच्या नावाने ओळखली जाते.

सात वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. पोरगा पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजला. मुळशी धरणाच्या पाण्यावर १९२७पासून खाली कोकणात भिऱ्याला वीज तयार होते, ती मुंबईला जाते. या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१मध्ये सत्याग्रह उभा केला, तेव्हा भाताची खाचरं बुडण्याचं दुःख होतं. आमचं आजचं दुःख त्या मानाने किरकोळ. मोबाइलवरून निरोप टाकला: अंतरा दहा वेळा, हळू.

आठ

चहा. कपाटातल्या गिटारला पुन्हा हात फिरवला.

तिची पाठ आणि बाजू शिसवाच्या आहेत. आमच्या आजोळच्या वाड्यात शिसवी पलंग होता, त्याच्या पायांचा काळा-जांभळा रंग आणि या गिटारच्या पाठीचा रंग एकच. दोन्हीवर ओला फडका फिरवला की तसाच वास येतो, किंचित गोड. १९६०च्या दशकाच्या अखेरीला ब्राझीलने आपल्या शिसवाचे अख्खे ओंडके बाहेर पाठवायचं थांबवलं आणि १९६९च्या सुमारास मार्टिनने आपल्या नामांकित डी-२८ गिटारसाठी भारतीय शिसव धरला. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या घाटातला. आपल्या ताम्हिणीत तुरळक दिसतो त्याचाच भाऊबंद. म्हणजे गेली पन्नासेक वर्षं अमेरिकेतल्या पारावर जो खर्ज घुमतोय, त्यातला बराचसा सह्याद्रीच्या पोटातून निघालाय. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी उगाचच छाती काढून फिरत होतो.

जाणकार मात्र जुन्या ब्राझिलियन शिसवावर जीव टाकतात. १९३५ सालची एक डी-२८ आधी ब्लूग्रास गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइटकडे होती. तो १९७३मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या कुणाच्या तरी धडकेत गेला. पुढे तीच गिटार त्याच वाटेवरच्या टोनी राइसने शोधून विकत घेतली आणि २०२०च्या नाताळात त्याचा प्राण गेला तोवर सांभाळली. तिच्या पोटाचं भोक कुणीतरी कधीतरी कोरून मोठं केलेलं होतं. मूळ सुबकपणाचा सत्यानाश. पण आवाजासाठी लोक आजही मुद्दाम तशी भोकं असलेल्या गिटारी बनवून घेतात.

२०१७च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आल्या, तेव्हा वादकांना आपली गिटार सीमेपार विकायची-धाडायची म्हटलं तरी कागदपत्रं लागू लागली. २०१९च्या अखेरीला तयार वाद्यांना सूट मिळाली. जंगलाचं त्याने भलं झालं असेल तर कागद भरायला माझी ना नव्हती.

दहा

दुरुस्तीची वेळ. पोट यावर चालतं. शिकवण्यावर फक्त चहा-बिस्किटं.

हिंजवडी-माण भागातली पोरं गिटार आणून टाकतात. तिथे कंपन्यांत एसी, घरी ओल, मधे दुचाकीवर पाऊस. आज आलेल्या एका गिटारचा घोडा मागून उचललाय, खाली नाणं सरकेल एवढी फट. मालकाने त्यात पांढरा गोंद भरून वर इस्त्री ठेवली होती. इस्त्री! मी काही बोललो नाही. गोंद ऊन सुरीने खरवडायला दीड तास जातो, मग सरस, मग चिमटे, मग दोन दिवस हात लावायचा नाही. लोकांना हा शेवटचा भाग सर्वांत महाग वाटतो.

मधल्या वेळात एकाचा सॅडल, म्हणजे घोड्यावरची तारा पेलणारी हाडाची पट्टी, घासून दिला. हे काम मी मिरजेत बघून शिकलो. फरीदसाहेब नावाच्या कारागिरापासून तिथे हत्यारांना धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीवर कानस एकदा फिरवतो आणि दहा वेळा ऐकतो. मी गिटारच्या हाडावर तेच करतो, फरक इतकाच की तंबोऱ्याला तार घोडीवर लोळत, गुंजत हवी; गिटारला तीच तार धारेवरून सुटल्यासारखी कोरडी हवी. ब्लूग्रासवाल्याला तर फारच कोरडी. सूर लगेच मरायला हवा, नाहीतर पुढचा त्यावर येऊन आपटतो.

ही गिटारची लागण मला झाली तीही दुरुस्तीतूनच. १९९७मध्ये तालुक्यात महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं आणि देशोदेशीची पोरं बाजारात दिसू लागली. त्यातल्या एकाच्या गिटारची तुटलेली खुंटी बसवून दिली, तर त्याने मजुरीवर एक कॅसेट ठेवली. दोन्ही बाजूंना शब्दच नव्हते. मी आठवडाभर वाट बघत होतो, आता गाणं सुरू होईल म्हणून.

एक

कालची पुरणपोळी, आमटी, भात. झोप.

साडेतीन

दारात टेम्पोचा हॉर्न. “मास्तर, चला! गौरीबाई खोळंबल्यात.”

बेंजोवाले मामा. वय साठीच्या पुढे, पांढरी टोपी, गळ्यात एक मळकं लॉकेट आणि त्याच दोऱ्यात ओवलेली नखी. टेम्पोत जनरेटर, दोन मोठे स्पीकर, ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशा, ताडपत्री आणि सहा पोरं. हळद, वरात, गणपती, सगळीकडे जाणारी ही बेंजो पार्टी. पुण्यात ढोलपथकांनी आणि इकडे डीजेने यांची बरीच सुपारी खाल्ली, पण पौडच्या पुढच्या वाड्यांमध्ये अजून ‘बेंजो सांगितला का?’ असं विचारतात.

वाचकाने इथे घोटाळा करू नये. अमेरिकेतला बँजो म्हणजे चामडं ताणलेलं, लांब मानेचं वाद्य, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी तिकडे पोहोचवलेलं. आपला बेंजो वेगळाच. तो आडवा, पेटीसारखा. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्याने नखी मारायची. हा जपानचा. १९१२ साली नागोयात ‘ताइशोगोतो’ नावाने जन्मला, भारतात ‘बुलबुलतरंग’ झाला, बलुचिस्तानात ‘बेंजू’, आणि आपल्याकडे वरातीत शिरून बेंजो. दोघांचा रक्ताचा संबंध शून्य, नाव तेवढं एक. पण स्वभाव बघा: दोघेही कर्कश, दोघेही उघड्यावर वाजणारे, दोघांनाही नाचणारे पाय लागतात, आणि दोघेही शेजारच्या गिटारला बोलू देत नाहीत.

मला हे दुसऱ्या वर्षी उमगलं. पहिल्या वर्षी मामांनी हौसेने बरोबर घेतलं होतं. चार तास वाजवल्यावर म्हणाले, “मास्तर, तुम्ही मागं उभं व्हता, ब्येस दिसत व्हता.”

टेम्पोतच सूर लावायचा. मामांच्या तारा काळी एकला. ते ‘सी शार्प’ म्हणत नाहीत, मीही आता म्हणत नाही. गिटारच्या पहिल्या पट्टीवर कॅपो चढवतो आणि पांढरी एकच्या आकारात बोटं ठेवतो. मामा कॅपोकडे बघून दर वेळी तेच बोलतात: “चिमटा लावला की झालं तुमचं. आमाला खुंट्या पिळाव्या लागतात.”

सहा

पाऊस थांबलाय, रस्ता मात्र चिखलाचा. पुढे गौरी डोक्यावर घेतलेल्या बायका, मधे नाचणारी पोरं, मागे आमचा टेम्पो पायी चालणाऱ्याच्या गतीने. मामा कोळीगीत लावतात, त्यातून न थांबता सत्तरच्या दशकातला दादा कोंडके, त्यातून कालपरवाचं सिनेमाचं गाणं. शब्द एकही नाही. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी पुढच्या बायकांचे ओठ हलतात. मामा सूर सोडतात आणि शब्द समोरच्याच्या तोंडात उगवतात. त्या कॅसेटवर मी आठवडाभर गाणं सुरू व्हायची वाट पाहिली होती, ती का, ते मला इथे कळलं. माझ्या तोंडात शब्द उगवायला काही पेरलेलंच नव्हतं.

माझं काम लेस्टर फ्लॅटचं. खर्जाची तार, मग झटका, खर्ज, झटका. पायाने चालायचं, हाताने ठोकायचं. माझा आवाज मला ऐकू येत नाही, पण ढोलकीवाला पोरगा अधूनमधून माझ्या उजव्या हाताकडे बघतो. वेग वाढायला लागला की जास्त बघतो. पहाटेची रिकामी फिरणारी शिलाई तिथे कामी येते. सूर ऐकू नाही आला तरी हात दिसतो.

चौकात मंडळी दमून बसली तेव्हा मामा माइक माझ्याकडे सरकवून म्हणाले, “हां, वाजवा तुमचं विंग्रजी.” मी ‘सोल्जर्स जॉय’ काढलं. अठराव्या शतकातलं, स्कॉटलंडकडचं, नाचाचं. आठ आठ मापांच्या दोन ओळी. ढोलकीवाल्याने क्षणभर ऐकलं आणि सरळ केरवा धरला. तो बसला. बसणारच, दोन्हीकडे चार पावलांचा हिशेब आहे. दुसऱ्या फेरीला मामांनी मुखडा पकडला, तिसऱ्या फेरीला त्यांनी तो सजवला, चौथ्या फेरीला स्पीकरमधून फक्त बेंजो येत होता आणि मी पुन्हा खर्ज-झटक्यावर होतो. एक आजी दोन्ही हात वर करून गोल फिरली. कुणीतरी विचारलं, “कुठल्या पिक्चरचं?” मामा म्हणाले, “नवीन हाय, अजून लागला न्हाय.”

दहा वाजून पाच

मुळेच्या काठावर गौरी गेल्या. दहाला आवाज बंद. फौजदार घड्याळ बघत उभे. जनरेटर थांबला की कानात जो पोकळपणा येतो तो पाण्यात डोकं घातल्यासारखा असतो. पोरं स्पीकर उतरवून टेम्पोत लावतात. पुन्हा पाऊस. पौडकडे जाणारी शेवटची बस गेली, म्हणून मी ताडपत्रीखाली, ढोलकी आणि स्टेपनीच्या मधे.

मामांनी बेंजो मांडीवर घेतला. विजेशिवाय त्याचा आवाज केवढासा, काडेपेटीत भुंगा ठेवल्यासारखा. “मास्तर, ते सोल्जरचं पुन्यांदा वाजवा. अंतरा माझ्या हातातनं निसटतोय.”

मी मुखडा सोडून सरळ अंतऱ्यालाच लागलो. टेम्पो खड्ड्यातून जाताना दोन सूर गळाले. चार वर्षांत पहिल्यांदा मला माझी गिटार त्यांच्या शेजारी ऐकू येत होती, शिसवाच्या पाठीतून पोटाला लागत होती. मामांची बोटं बटणांवर चाचपडत होती. वरच्या सुरावर जाऊन परत येताना ते दर वेळी एक बटण आधी वळत होते.

“हळू घ्या,” मी म्हटलं. “साठवर.”

“साठ म्हंजे?”

मी स्टेपनीवर बोटाने ठोके दिले. ढोलकीवाला पोरगा झोपला होता, त्याच्या पायाचा अंगठा तेवढा हलत होता. पिरंगुटच्या बाजूने येणाऱ्या एका ट्रकचा उजेड ताडपत्रीवरून सरकत गेला, आणि मामा पुन्हा त्याच जागी चुकले.

“थांबा,” म्हणाले, “तुमचा फाटा आला तरी उतरू नका. डायवरला सांगतो, पुढनं वळून आन.”